कपाटातले चाळीस टॅब

शाळेत त्यांना सगळे ‘तडतड बाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर नुसतं बाई. सव्वीस वर्षं एकाच शाळेत विज्ञान शिकवलं आणि सव्वीस वर्षं राग नाकाच्या शेंड्यावर ठेवून वावरल्या. पण तो राग मुलांवर फारसा निघायचा नाही. पंखा बंद आहे, प्रयोगशाळेचा नळ गळतोय, त्रेपन्न मुलांच्या वर्गात एकच स्टॉपवॉच आहे आणि तेही मध्येच अडकतं, असल्या गोष्टींवर निघायचा. बाईंचे यजमान घड्याळजी होते. ते स्टॉपवॉच त्यांनी चार वेळा दुरुस्त करून दिलं आणि पाचव्या वेळी हात जोडले. म्हणाले, “आता याला सुखानं जाऊ दे.”

म्हणून शाळेला चाळीस टॅब मिळणार असं कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बाईंना झाला. वय बावन्न. बरोबरीचे शिक्षक म्हणत होते, “आता या वयात कुठे ही बोटं सरकवत बसायचं!” बाई मात्र प्रशिक्षणाच्या आठही शनिवारी पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या. शिकवायला आलेला मुलगा त्यांच्या लेकीपेक्षा लहान होता. त्याला त्यांनी प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. व्हिडिओ सावकाश कसा चालवायचा, मागे कसा न्यायचा, चित्र मोठं कसं करायचं? शेवटच्या शनिवारी तो म्हणाला, “बाई, आता तुम्हीच मला शिकवा.”

टॅब आले. फोटो निघाले, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग चाळीसच्या चाळीस टॅब कार्यालयातल्या लोखंडी कपाटात गेले आणि चावी क्लार्ककाकांच्या खिशात.

बाई पहिल्याच आठवड्यात चावी मागायला गेल्या. क्लार्ककाका म्हणाले, “मोठ्या सरांना विचारा.” मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले, “देऊ की. आधी नोंदवही तयार होऊ दे.” नोंदवही तयार झाली, तर वर्गातल्या प्लगवर घोडं अडलं. प्लग बसला, तर परीक्षा आल्या. परीक्षा संपल्या, तेव्हा सर खरं बोलले.

“बाई, एक जरी फुटला तरी तीन प्रतींत खुलासा मला लिहावा लागतो. तुम्हाला नाही. मुलं ती. हातातून पडणारच.”

“वह्यासुद्धा पडतात, सर.”

“वहीचा खुलासा कुणी मागत नाही.”

सर वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. पण वर्गात बसलेल्या मुलाला वाईटपणा आणि भित्रेपणा या दोन्हींचा फटका सारखाच बसतो, हे त्यांना कधी उमगलं नाही.

बाईंच्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या चष्म्याची भिंगं इतकी जाड, की मुलांनी तिचं नाव ‘भिंगरी’ पाडलं होतं. नावाप्रमाणे ती फिरायचीही. दर तासाला बाकावरून उठून फळ्याला नाक लावायची, एक ओळ वाचायची, परत येऊन लिहायची, पुन्हा उठायची. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि सुईत दोरा ओवायला हीच मुलगी लागायची, कारण जवळचं तिला स्पष्ट दिसायचं. दिसायचं नाही ते लांबचं. बाईंना वाटायचं, टॅब हातात आला की हिची ही वणवण संपेल. चित्र दोन बोटांनी मोठं केलं की झालं. अशी सात महिने ती मुलगी फळ्यापर्यंत चालत राहिली आणि तिच्या डोळ्यांजवळ येऊ शकणारी वस्तू दोन भिंतींपलीकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडून राहिली.

सातव्या महिन्याच्या शेवटी क्लार्ककाका शिक्षकांच्या खोलीत एक कागद घेऊन आले. “बाई, सही.”

दर महिन्याला असाच एक कागद यायचा. बाई दर महिन्याला सही करायच्या. एका हातात चहा, मांडीवर तपासायच्या वह्या, मान वर न करता. त्या दिवशी वह्या नव्हत्या म्हणून त्यांनी वाचला. वर लिहिलं होतं, ‘डिजिटल अध्यापन – मासिक अहवाल’. खाली रकाने. त्यांच्या वर्गापुढे आकडा होता, बावीस तास.

“बावीस तास काय?”

“टॅबवर शिकवलेले.”

“कोणी शिकवले?”

“अहो, तुम्हीच. तुमचा वर्ग आहे ना?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या वर्गानं टॅबचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!”

“बाई, हळू. सगळेच लिहितात. वरून आकडा मागतात, आपण आकडा देतो. कागदाचं पोट भरायचं असतं.”

“आणि आधीच्या सहा महिन्यांचं?”

क्लार्ककाकांनी फाइल उघडून दाखवली. सहा कागद, सहा सह्या. अठरा तास, एकवीस तास, चोवीस तास. सही बाईंचीच, शेवटच्या अक्षराची शेपूट लांब ओढलेली. कुणी खोटी केली नव्हती. त्यांनी स्वतः केली होती, न वाचता, आणि हेच त्यांना सगळ्यांत जास्त झोंबलं. सव्वीस वर्षं मुलांना ओरडत आल्या होत्या, ‘प्रश्न नीट वाचा, मग लिहा!’ सातव्या कागदावर त्यांनी सही केली नाही. घरी जेवताना भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत राहिल्या. घड्याळजी समजून गेले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

बाईंनी आणखी काही करायच्या आधीच शाळेवर दुसरं प्रकरण आलं. तपासणीला वरिष्ठ अधिकारी मॅडम येणार होत्या. त्यांना ‘तंत्रज्ञानातून बदललेला वर्ग’ बघायचा होता. सरांनी बाईंनाच बोलावलं, कारण टॅब चालवता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

“बारा मुलं निवडलीत,” सर म्हणाले. “हुशार. बारा टॅब चार्ज करायला सांगितलेत. दोन दिवस तालीम घ्या. मॅडम काय विचारतील आणि मुलांनी काय सांगायचं, ते लिहून दिलंय.”

बाईंनी कागद घेतला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुपारी मधल्या सुट्टीत भिंगरी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, परवा आम्ही यायचं नाही ना?”

“कोण आम्ही?”

“यादीत नाहीत ते. क्लार्ककाका म्हणाले, त्या दिवशी बाकीच्यांना सुट्टी. वर्ग मोकळा दिसला पाहिजे.” थोडं थांबून तिनं विचारलं, “पण मग टॅब आम्हाला नंतर मिळतील का?”

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे बाईंना ठाऊक होतं. पण दाखवायच्या दातांसाठी एक्केचाळीस मुलांना घरी बसवायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. पुढच्या तासाला त्या वर्गात गेल्या, डस्टर टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, “परवा सगळ्यांनी यायचं. त्रेपन्नच्या त्रेपन्न. प्रत्येक बाकावरून एक मीटरभर दोरा आणि एक जड वस्तू पाहिजे. केस विंचरून या.” तालीम मात्र त्यांनी घेतलीच नाही.

ठरल्या दिवशी अधिकारी मॅडम सरांबरोबर दारात आल्या, तर वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना, फळ्याच्या खिळ्यांना, बाकावर बाक चढवून त्याच्या कडेला, मिळेल तिथे दोरे लोंबत होते. काहींच्या टोकाला छोटे नट, काहींना घरून आणलेली जाडजूड कुलपं. बारा टॅब, बारा गट. टॅबवरचं प्लास्टिक मुलांनी नुकतंच सोलून काढलं होतं आणि ते जमिनीवर सळसळत होतं.

सरांचा चेहरा उतरला. बाईंजवळ येऊन ते दातांतल्या दातांत म्हणाले, “बाई, हे काय आंदोलन मांडलंय?”

“लंबकाचं, सर,” बाई म्हणाल्या. “अभ्यासक्रमात आहे.”

मॅडमना हसू आलं. त्या मागच्या खुर्चीवर बसल्या.

बाईंनी प्रश्न टाकला, “जड लंबक लवकर हलतो की हलका?” निम्मा वर्ग ओरडला, जड. “मग मोजा. दहा हेलकावे. एकानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, एकानं टॅबवर व्हिडिओ घ्यायचा, बाकीच्यांनी मोठ्यानं आकडे म्हणायचे.”

सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर खोटं होईल. एक टॅब चालूच झाला नाही. एका गटानं स्वतःच्याच बुटांचा व्हिडिओ काढला. एक कुलूप सुटून सरांच्या पायापाशी येऊन पडलं. पण दहा मिनिटांत आकडे फळ्यावर आले. नटवाल्या गटांना वीस सेकंद, कुलूपवाल्यांनाही बहुतेक वीस. फक्त भिंगरीच्या गटाला अठरा. त्यांचं कुलूप सगळ्यांत मोठं होतं.

“बघा, जड लवकर!” तिच्या गटातली मुलं नाचू लागली.

मागून मॅडमही म्हणाल्या, “हो, जड वस्तू लवकर जाणारच.”

बाईंनी ना होकार दिला ना नकार. “व्हिडिओ पुन्हा बघा,” एवढंच म्हणाल्या.

गटातली मुलं टॅबवर वाकली. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. हेलकावे बरोबर दिसत होते, सेकंदही बरोबर. मग भिंगरीनं टॅब ओढून घेतला. तिनं तो डोळ्यांपाशी धरला नाही, कानाला लावला. मागे नेला, ऐकला. पुन्हा मागे नेला, ऐकला.

“बाई,” ती म्हणाली, “आम्ही चुकलो. कुलूप सोडताना आम्ही ‘एक’ म्हणालोय. तेव्हा ते कुठे गेलंच नव्हतं. सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवं होतं. म्हणजे आमचे हेलकावे नऊच झाले.”

एका हेलकाव्याला दोन सेकंद. नऊचे अठरा, दहाचे वीस. पुढचं गणित कुणाला सांगावं लागलं नाही. अख्ख्या वर्गातून एकच आवाज आला, ‘अरे!’ सव्वीस वर्षं पुस्तकातलं वाक्य पाठ करून घेऊनही बाईंनी असा आवाज ऐकला नव्हता. मॅडम खुर्चीवरून उठल्या, तिच्या बाकापाशी गेल्या आणि टॅब मागून घेऊन स्वतः ऐकला. “मीही ‘एक’पासूनच मोजलं असतं,” त्या म्हणाल्या. त्या क्षणी बाईंना त्या आवडल्या.

मग मॅडमनी फाइल उघडली. “बाकीचे अठ्ठावीस टॅब कुठे आहेत?”

“कपाटात,” बाई म्हणाल्या.

“पण अहवालात तर महिन्याला वीस-बावीस तास दिसतात.”

“ते खोटे आहेत. या मुलांनी टॅब आज पहिल्यांदा हातात घेतलाय. जमिनीवर प्लास्टिक पडलंय, बघा.” बाईंनी फाइलमधल्या सहीवर बोट ठेवलं. “अहवालाखाली सही माझी आहे. न वाचता केली, ही माझी चूक. बाकीचं कुणाचं, ते तुम्ही शोधा.”

मॅडमनी फाइल मिटली. “बघते,” म्हणाल्या.

त्यांनी काय बघितलं, ते तीन आठवड्यांनी कळलं. शाळेला प्रशंसापत्र आलं. ‘तंत्रज्ञानाच्या कल्पक वापराबद्दल.’ सोबत फोटो, भिंगरी टॅब कानाला लावून उभी. आणि त्याच टपालात दुसरं पाकीट, बाईंच्या नावाचं. ‘खोट्या अहवालांवर स्वाक्षरी केल्याबद्दल खुलासा सादर करावा.’ सरांना नोटीस नाही, क्लार्ककाकांना नाही. चावी ज्याच्या खिशात, तो मोकळा. खरं बोलली, ती गुन्हेगार. नव्या वर्षी नववी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना पाचवी दिली. कारण लिहिलं होतं, ‘प्रशासकीय सोय’.

बाईंनी खुलासा लिहिला, दोन पानं. घड्याळजींनी भिंग लावून वाचला. “पहिलं पान काढून टाक,” ते म्हणाले. “त्यात नुसता संताप आहे. काय झालं, ते दुसऱ्या पानावर आहे.”

“संतापसुद्धा झालाच ना? मग तोही जाऊ दे.” बाईंनी दोन्ही पानं पाठवली. उत्तर आलं नाही.

गोष्ट पुढे सरकवली ती भिंगरीच्या आईनं. फोटो आला त्याच आठवड्यात तो पाहून तिला आधी आनंद झाला. मग मुलीनं सांगितलं, की तो एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी ती शिवणयंत्र बंद करून शाळेत आली. बरोबर सात-आठ आया. कार्यालयाच्या दारात उभ्या राहून ती सरांना म्हणाली, “फोटोत माझ्या पोरीच्या हातात जे आहे, ते मला तिच्या हातात बघायचंय. आम्ही थांबतो.” त्या खरंच थांबल्या, शाळा सुटेपर्यंत. पुढच्या दिवशी पंधरा जणी आल्या. चौथ्या दिवशी कपाट कार्यालयातून उचलून नववीच्या वर्गात ठेवलं गेलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते उघडतं. पहिल्याच महिन्यात दोन टॅब फुटले. सरांनी तीन प्रतींत खुलासा लिहिला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

लोक बाईंना म्हणतात, “झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी शांत व्हा.” बाई शांत होत नाहीत. त्यांच्या पाचवीच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत आणि टॅब एकही नाही. लहानांना दिले तर फोडतील, असं आता म्हणतात. परवा पानाची शीर बघायची होती, तेव्हा बाईंनी स्वतःचा फोन रांगेतून फिरवला. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट आलं, आणि शेवटच्या सहा जणांची पाळी यायच्या आधीच घंटा झाली. ती सहा मुलं दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच टेबलाभोवती येऊन उभी होती. पाचवीला टॅब मिळावेत म्हणून बाईंनी तिसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला. क्लार्ककाका पोच द्यायला टाळाटाळ करू लागले, तेव्हा बाई खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि शिक्का उमटेपर्यंत उठल्या नाहीत.