उन्हात उभी केलेली पोर

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षं गेली असतील. मला सोलापुरातल्या सरकारी महिला आधारगृहात सहायक अधीक्षिकेची नोकरी लागली. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, पोलिसांनी आणून सोडलेल्या बायका तिथं राहत. उंच भिंत, लोखंडी गजांचं फाटक आणि फाटकाला कायम कुलूप. टांगेवाले त्या जागेला ‘बायकांचा जेल’ म्हणत. माझ्या वडिलांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकांपैकी कुणी चौकशी केली तर ते कानडीत सांगत, “पोरगी शाळेत शिकवते.” एकदा मी ते ऐकलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सरकारी दवाखान्यातून एक बाई आमच्याकडे आली. सांगोल्याकडची, धनगराची सून. वय माझ्याएवढंच. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि कानामागे खोक. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं. तो बाजारला गेल्याचं बघून ती तशीच एस.टी.त बसली होती. चार वर्षांची मुलगी तेव्हा आजोबांबरोबर शेरडांमागं रानात गेली होती, म्हणून मागंच राहिली.

ती रडत नसे. कामाला सांगितलं तर डाव्या हातानं तांदूळ निवडत बसे. ताट समोर आलं की मात्र विचारायची, “बाई, पोर जेवली असंल का ओ?” आमच्या अधीक्षिकेनं, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, तिला सांगितलं होतं की मुलीसाठी कोर्टात अर्ज करू. त्याला वेळ लागणार होता.

त्या दिवशी मोठ्या बाई बैठकीला पुण्याला गेल्या होत्या. पहारेकरी हातगाडी घेऊन धान्य आणायला गेलेला. जेवणं आटोपली होती. ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. फाटकावर कुणीतरी दगडानं ठोकायला लागलं म्हणून मी किल्ल्या घेऊन गेले.

बाहेर तिचा नवरा होता. अंगानं दांडगा, डोळे तांबारलेले. त्याच्यामागं थोडं अंतर ठेवून पटका बांधलेला एक म्हातारा, म्हणजे तिचा सासरा. आणि नवऱ्याच्या हाताला धरलेली ती पोर. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही.

“माझी बायकू हितं हाय, दवाखान्यात कळलंय,” तो म्हणाला. “लावून द्या.”

“अधीक्षिका बाहेरगावी गेल्यात. उद्या या.”

“उद्या न्हाय. आत्ता.” त्यानं पोरीला ओढून फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत उभं केलं. बाजूलाच लिंबाची सावली होती. पोर तिकडं सरकायला लागली तसं त्यानं तिला पुन्हा ओढलं. “आई भाईर येस्तवर ही हितंच हुबी ऱ्हाईल. तिला जाऊन सांगा.”

पोर एक पाय उचलायची, मग तो टेकवून दुसरा उचलायची. रडत नव्हती. तिला सवय असावी.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, “आजोबा, तुम्ही तरी सांगा. लेकराचे पाय भाजतायत.” त्यानं पटक्याच्या शेवानं घाम पुसला.

मी ऑफिसात धावले आणि पोलीस चौकीला फोन लावला. माणूस पाठवतो म्हणाले. परत आले तर पोरीची आई अंगणात उभी. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं.

“बाई, कुलूप काडा. मी जाते.”

“पोलीस येतायत. जरा थांब.”

“तवर पोर हुबी ऱ्हाईल?”

ती सज्ञान होती, स्वतःच्या इच्छेनं आली होती. ती जाते म्हणाली तर तिला कोंडून ठेवायचा अधिकार मला नव्हता. आणि बाहेर गेली तर ती जिवंत राहील याची खात्रीही नव्हती. “तो तुला मारून टाकील गं,” मी म्हणाले.

“व्हय,” ती म्हणाली. एवढंच.

मी फाटकापाशी आले. जुडग्यात फाटकाची किल्ली लवकर सापडेना. आमची स्वयंपाकीण तेवढ्यात धावत आली. ती विणकराच्या घरातली तेलुगू विधवा. पोरीसाठी तिनं तांब्याभर पाणी आणलं होतं. त्या तांब्याकडं बघून पोरीच्या आईनं माझा हात धरला. “थांबा जरा,” म्हणाली आणि तांब्या घेऊन फाटकाला टेकून खाली बसली.

“येते म्या,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी मऊ. “पर तिला पानी तर पिऊ द्या. मग जाऊ.”

त्याला आपण जिंकलो असं वाटलं असणार. त्यानं पोरीचा हात सोडला.

पोर पळत आली आणि गजांतून तांब्याला तोंड लावून घटाघटा प्याली. आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. पोरीनं मान आडवी केली आणि डोकं दोन गजांच्या मधून आत घातलं. मग खांदा. आईनं डाव्या हातानं काखेत धरून तिला ओढलं. झग्याची शिवण टरकली.

तो झेपावला. पोर कमरेपर्यंत आत आली होती, त्याच्या हाताला तिचा पाय लागला. त्यानं तो घोट्यापाशी पिरगाळून धरला. आता मात्र पोर किंचाळली. आत आम्ही तिघी आणि बाहेर तो. आम्ही ओढलं तर पाय मोडणार, सोडलं तर पोर गेली. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही.

तेवढ्यात म्हातारा पुढं आला. “सोड,” तो म्हणाला. “पाय मोडंल तिचा.”

“तुमी मदी पडू नका.”

“सोड म्हंतो की!” त्यानं दोन्ही हातांनी मुलाची बोटं धरली आणि एकेक उचकटली. पोर आत येऊन आईच्या अंगावर पडली.

मुलानं वळून बापाच्या थोबाडीत दिली. पटका सुटून मातीत पडला. रस्त्यावरचे चार लोक जमले होते. म्हातारा पटका उचलायला वाकला तेव्हा मुलगा त्याला म्हणाला, “आता घरला येऊ नगंस.” आणि चालता झाला. पोलीस आला तेव्हा फाटकाबाहेर एकटा म्हातारा लिंबाखाली बसला होता.

स्वयंपाकिणीनं पोरीच्या तळपायांना तूप चोळलं. मी बाईला विचारलं, “तुला हे सुचलं कसं?” ती म्हणाली, “शेरडांची करडं काट्याच्या कुपातनं अशीच निगत्यात. डोस्कं गेलं की अंग जातं.” मग मांडीवर झोपलेल्या पोरीकडं बघत ती पहिल्यांदा रडली, बराच वेळ.

नवऱ्यानं माझ्यावर मूल पळवल्याची तक्रार केली. मला झोप लागेना. नोकरी जाईल, वडिलांचं नाव पेठेत निघेल, नाही नाही ते मनात येई. मोठ्या बाईंनी वकील गाठला, मुलीच्या ताब्यासाठीही अर्ज घातला. सुनावणीला म्हातारा न बोलावता आला. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, “तुमचा मुलगा सुनेला मारतो का?” तो पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाला, “मारतोय. म्या डोळ्यानं बगितलंय.” मुलगी आईकडं राहिली आणि माझ्यावरची तक्रार तिथंच मिटली.

हात बरा झाल्यावर बाईला एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं. ती गिरणीजवळच्या चाळीत एका खोलीत राहू लागली. म्हातारा आता गावातच भावकीत राहायचा आणि कधीमधी नातीला भेटायला यायचा, धोतराच्या सोग्यात शेंगा घेऊन. ती त्याला पाणी द्यायची, भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, “अगं, त्यांनीच तुझी पोर सोडवली ना?”

“सोडीवली की,” ती म्हणाली. “पर त्येच्या आदी पाच वर्सं दाराआड बसून ऐकत हुते, बाई.”

मी पोरीसाठी शेंगा फोडायला घेतल्या.

म्हातारा वारल्याचा निरोप गावच्या कुणी आणला, तेव्हा ती पोरीला माझ्याकडं ठेवून एकटीच मातीला जायला सांगोल्याच्या गाडीत बसली. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी ती परत आली, तोंडावर धूळ बसलेली.

“नवरा होता का?” मी विचारलं.

“हुता. लांब बसला हुता, बगत.” तिनं पाणी मागितलं, उभ्यानंच प्याली. मग पोरीचं बोट धरून निघाली. दुसऱ्या दिवशी तिची सकाळपाळी होती.