वाइन कलरची नारायणपेठ

पुतणीचं लग्न ठरलं आणि पंधरा दिवसांत थोरल्या जाऊबाईंनी घरातल्या बायकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. वाइन कलरची, अंगभर टिकल्या असलेली, निऱ्या आणि पदर शिवूनच आलेली साडी. कमरेला सोनेरी पट्टा. खाली लिहिलं होतं, 'आपण सगळ्या सेम. शुक्रवारी ऑर्डर द्यायची आहे.' बघता बघता अंगठे आणि हृदयं पडायला लागली. मी फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे लहान लहान पार्ट माझ्या टेबलावर येतात. पार्ट कितीही चकचकीत असला तरी जागेवर नीट बसल्याशिवाय मी तो पुढे जाऊ देत नाही. साड्या घेताना मात्र मी वर्षानुवर्षं चकाकीलाच भुलत आले होते. त्या रविवारी मी लॉफ्टवरची बॅग खाली काढली. चुलत दिराच्या लग्नातली मोरपंखी नेटची साडी, मावसबहिणीच्या लग्नातली गुलाबी, कुणाच्या तरी वास्तुशांतीला घेतलेली खड्यांची. प्रत्येक साडी एकेकदाच नेसलेली. मोरपंखीची जाळी त्या दिवशी घड्याळात अडकली होती आणि मी अख्खं जेवण डावा हात छातीशी धरून केलं होतं, हे आठवून मला एकटीलाच हसू आलं. मग तिथेच पलंगावर बसून ठरवलं. यापुढे एखादी साडी कुठे कुठे नेसता येईल अशा तीन जागा डोळ्यांसमोर आल्या, तरच ती घ्यायची.

जाऊबाई मोशीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सासूबाई त्यांच्याकडे असतात. गुरुवारी कंपनीची बस सोडली आणि मी सरळ तिकडे गेले.

"ताई, माझी साडी ऑर्डर करू नका," मी म्हणाले. "रंग तुमचाच ठेवते, साडी मात्र माझी मी बघते."

"अगं, मग सेम कशी दिसणार? फोटोत तू एकटीच वेगळी."

"दिसू दे की. पण मला ती नंतरही नेसायचीय."

"लग्न काय रोज असतं का?" त्यांचा आवाज चढला. "माझी एकुलती एक मुलगी आहे. एक दिवस माझ्या मनासारखं केलंस तर काय बिघडतं?"

हे मला लागलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. क्षणभर वाटलं, घेऊन टाकावी आणि विषय संपवावा. पण मग त्या बॅगेत आणखी एकीची भर पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "लग्नात तुम्ही सांगाल ते काम करीन, ताई," मी म्हणाले, "पण ही साडी नको." त्यांनी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "कवा जायचं दुकानात? मी बी येती."

सासूबाई चाकणजवळच्या खेड्यातल्या. उभं आयुष्य शेतात आणि गोठ्यात गेलं, तेही नऊवारीत. पिंपरी कॅम्पातल्या दुकानात गादीवरच्या माणसाने आमच्यासमोर साड्यांचा ढीग घातला. वाइन कलर म्हटल्यावर त्यानेही आधी टिकल्यांचीच काढली. सासूबाईंनी ती माझ्या ड्रेसवरून गुंडाळायला लावली आणि म्हणाल्या, "आता बस खाली."

"आत्या, इथं?" मी सासूबाईंना विचारलं.

"मग? लगीन काय उभ्यानं काढनार हायेस? बस उकिडवी."

भर दुकानात मी उकिडवी बसले. टिकल्या गुडघ्यामागे कचाकच टोचल्या. "हात वर कर," सासूबाई म्हणाल्या. दंड खरवडून निघाला.

"आजी, ही फंक्शनची साडी आहे," दुकानदार म्हणाला. "ही नेसून काम कोण करतंय?"

"घरच्या बायका करत्यात," सासूबाई म्हणाल्या. "ही न्हाई. दुसरी काढ."

पाच-सहा साड्या अशाच बाद झाल्या. मग खालच्या फडताळातून एक नारायणपेठ निघाली. तोच वाइन कलर, काठ मोहरीच्या रंगाचा, पदराला बारीक जर. मी बसले, उठले, वाकले, पदर कमरेला खोचला. साडी माझ्याबरोबर हलत होती. कंपनीतली खंडेनवमीची पूजा, मुलीच्या शाळेचं गॅदरिंग, माहेरची मंगळागौर, या तीन जागा बोटांवर न मोजताच आठवल्या. ब्लाउज मुद्दाम साधा, मोहरीच्या रंगाचा शिवून घेतला, म्हणजे घरातल्या आणखी दोन साड्यांवर चालेल. टेलरला बजावलं, आत दोन बोटं माया ठेव, वर्षभरात अंग वाढलं तर उसवून सैल करता येईल.

लग्न आळंदी रोडवरच्या कार्यालयात होतं. टिकल्यांच्या साड्या नेसलेल्या सगळ्या जणी दारात ओळीने उभ्या राहिल्या, आणि खरं सांगते, दिसत छान होत्या. फोटोग्राफरने मला टोकाला उभं केलं. मला त्याचं काही वाटलं नाही. अक्षता वाटणं, पाहुण्यांना पाणी विचारणं, वरच्या मजल्यावरून रुखवत खाली आणणं, सगळीकडे मी फिरत होते.

अक्षता पडल्या. गुरुजींनी कन्यादानाला मुलीच्या आईवडिलांना बोलावलं. जाऊबाई पाटावर बसायला वाकल्या आणि चर्रकन आवाज झाला. शिवलेली साडी, वरून पट्टा. मांडी घालायला कापडात जागाच नव्हती. कमरेखाली वीतभर शिवण उसवली होती. त्या तशाच पदर घट्ट धरून उठल्या आणि मान खाली घालून खोलीकडे निघाल्या. मी आणि सासूबाई मागोमाग धावलो.

खोलीत जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "बदलायची पैठणी घरीच राहिली गं. आता आणायला कोण जाणार, कधी येणार?"

मी सेफ्टी पिना काढल्या. पण शिवणीला माया अशी नव्हतीच. पीन लावली की कापड पुढे फाटत होतं. बाहेरून हाक आली, "मुलीच्या आईला पाठवा, वेळ होतोय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी पदराची पीन काढली होती.

"अगं, आणि तू?" जाऊबाई म्हणाल्या.

"मी गाडीवरून आलेय. घालून आलेला ड्रेस पिशवीत आहे. तुम्ही हात वर करा."

पाटावर नीट बसता यावं म्हणून त्यांच्या परकराची नाडी सैल केली, निऱ्या मी घातल्या, पदर सासूबाईंनी. जाऊबाई माझ्यापेक्षा चांगल्या दुप्पट अंगाच्या, पण पाचवारी लुगड्याला त्याचं काय! रंग एकच असल्यामुळे त्यांचा टिकल्यांचा ब्लाउजही त्यावर शोभला. त्या बाहेर गेल्या, पाटावर मांडी घालून बसल्या आणि लेकीचा हात हातात घेतला. तेव्हा त्या रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं.

मी आरशात पाहिलं. नाकात नथ, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि अंगात बगरू छापाचा सुती ड्रेस. नवरीची काकू अशी! पाय दारापाशी थबकले, हे कबूल करते. मग ओढणी सारखी केली आणि बाहेर पडले. पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरताना गावाकडच्या एका मावशीने विचारलंच, "कवा आलीस गं? कापडं बदलाया वेळ न्हाई मिळाला व्हय?"

"मिळाला की, मावशी. बदलूनच आलेय," मी म्हणाले आणि त्यांना दोन जिलब्या वाढल्या.

आठवड्याने जाऊबाई साडी परत द्यायला आल्या. धुऊन, इस्त्री करून आणली होती. काठाजवळ हळदीचा एक डाग राहिला होता. "लिंबू लावलं, साबण लावला, जात नाहीये," त्या ओशाळून म्हणाल्या. "दुसरी आणून देते."

"राहू दे हो ताई. निऱ्यांत जातो तो."

त्या बसल्या, चहा घेतला. फोटो आले होते, ते दाखवले. कन्यादानाच्या फोटोत त्या लेकीकडे बघतायत आणि मोहरीचा काठ गुडघ्यावर पसरलाय. "हाच मोठा करून लावणार हॉलमध्ये," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला मी तीच साडी नेसून कंपनीत गेले. मशीनला हार घालायला वाकले तेव्हा शेजारच्या लाइनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नवीन का?" मी म्हटलं, "नाही गं, एका कन्यादानात बसून आलीय." तिला काही कळलं नाही. पूजा झाल्यावर प्रसाद खात मी तिला सगळं सांगितलं.