नसरीनआपाचा तिसरा पेपर

परतूरची नसरीनआपा परीक्षेत दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा ती जालन्याहून परत यायच्या आत निकाल बाजारात पोचला होता. दुसऱ्याच्या निकालाची गावाला भारी हौस. त्रेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरींची लग्नं उरकलेली, आणि ही गळ्यात ओळखपत्र अडकवून पेपर द्यायला जाते, याचं लोकांना हसू येई. आपाला मात्र रडू येत होतं. मार्च संपायच्या आत पास झाली नाही तर कंपनी तिचा कोड बंद करणार होती, आणि कोड बंद म्हणजे चूल बंद.

कंपनी म्हणजे घरासाठी कर्ज देणारी, जालन्यात शाखा असलेली. आपा तिची परतूरची एजंट. पत्रे काढून स्लॅब टाकायचाय, बँकेनं दारातूनच परत पाठवलंय, अशी माणसं आपाकडे येत. ती ग्रामपंचायतीचा उतारा, आधार, वीजबिल गोळा करी, फॉर्म भरी, सह्या घेई आणि फाईल जालन्याला नेऊन देई. फाईल मंजूर झाली की तिला कमिशन मिळे. नवरा मुनीर सोफ्याच्या गाद्या भरायचा. टेम्पोत सोफा चढवताना तो पडला आणि त्याची कंबर कामातून गेली, तेव्हापासून आठ वर्षं घर या फायलींवरच चाललं होतं. परतूरपासून आष्टीपर्यंत शंभरावर स्लॅब माझ्या हातानं पडलेत, असं ती सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कर्जाचं काम आपाला कळतं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तिला तर नव्हतीच नव्हती.

मग कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येक एजंटानं परीक्षा द्यायची. शंभर प्रश्न, कॉम्प्युटरवर, पासाला पन्नास गुण, संधी तीन. फॉर्म भरताना भाषा विचारली होती: इंग्रजी, हिंदी, मराठी. आपा शिकली उर्दू शाळेत, दहावीपर्यंत. घरात बोलतो ती हिंदीच की, असं म्हणून तिनं बिनधास्त हिंदीवर खूण केली. पडद्यावर जी हिंदी आली ती तिनं जन्मात ऐकली नव्हती. पुनर्भुगतान काय, अनर्जक आस्ति काय. आपल्याच घरात कुणी परकं भाडेकरू घुसावेत तसं तिला झालं. अडतीस गुण पडले.

दुसऱ्या वेळी तिनं शहाणपणानं मराठी घेतली. फॉर्म भरून भरून मराठी वाचायची सवय झालेली होती. प्रश्न कळले, पण उत्तरं तिनं आपल्या अनुभवानं दिली. दुकानदाराचं उत्पन्न कसं तपासाल, असं विचारलं होतं. आपा काय करायची, तर सकाळी दुकानासमोर उभी राहून गिऱ्हाईक मोजायची, मग शेजारच्या पानवाल्याला विचारायची. तिनं तेच उत्तर निवडलं. पुस्तकाला कागद हवे होते. सत्तेचाळीस गुण पडले, आणि तीन गुणांसाठी नापास झालेल्या माणसाची तडफड काय असते हे त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला कळलं. डबा माणसांनी भरलेला होता, म्हणून ती ओढणी तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करून बसली.

अडला हरी म्हणतात तशी तिची गत झाली, फरक इतकाच की जिचे पाय धरायचे ती पोरगी गाढव नव्हती, चांगली हुशार होती. मोनाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिपाई भारत यांची मुलगी. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायची. फीबद्दल आपानं विचारलं तेव्हा ती म्हणाली की बाबांना कळलं तर ते मलाच घराबाहेर काढतील. दुपारी दोन ते चार अभ्यासिकेच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून ती आपाला शिकवू लागली. आत बोलायला बंदी होती, आणि आपाला मोठ्यानं वाचल्याशिवाय डोक्यात काही जात नव्हतं.

पहिल्याच दिवशी मोनालीनं कंपनीकडून आलेली चुकलेल्या प्रश्नांची यादी मोबाईलवर उघडली. एकेक प्रश्न ती वाची, आपा भांडे. आम्ही असंच करतो, साहेब स्वतः असंच सांगतात, पुस्तक लिहिणारा कधी आष्टीला आलाय का, असं तिचं चालू होतं. मोनाली हसून पुढं जाई. मग जामीनदाराचा प्रश्न आला. कर्जदारानं हप्ते भरले नाहीत तर जामीनदाराची जबाबदारी कोणती? आपानं उत्तर दिलं होतं: केवळ ओळख पटवणे.

मोनालीनं सांगितलं, हे चूक आहे. जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. आपा म्हणाली, काहीतरीच काय, जामीनदार म्हणजे गवाह. तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. निकाहनाम्यावर दोन गवाह सही करतात, पुढं नवरा-बायकोचं बिनसलं तर गवाहांना कुणी धरायला येतं का? कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनीही हसत सांगितलं होतं, नुसती सही लागते, बाकी काही नाही. आठ वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती. कुणाचं कर्ज बुडलं नव्हतं, त्यामुळे तिचं सांगणं कधी खोटं पडलं नव्हतं.

मोनालीनं मोबाईल खाली ठेवला. 

"आपा, रामकिसनकाकांच्या फायलीवर आमच्या बाबांनी सही केल्ती. ती कशाची व्हती?"

रामकिसनचं आष्टीत मोबाईलचं दुकान, परतूरला घर बांधायला त्यानं आपाकडूनच कर्ज काढलं होतं. पगारदार जामीनदार हवा म्हणून शोधाशोध झाली, आणि आपा स्वतः भारतकडे गेली होती. नुसती गवाही आहे भाऊ, तुमच्याकडं कुणी येणार न्हाई, असं ती म्हणाली होती. आता रामकिसनच्या दुकानाचं शटर दिवाळीपासून खाली होतं, त्याचा फोन लागत नव्हता, आणि हप्ते का येत नाहीत म्हणून कंपनीचे दोन फोन आपालाच येऊन गेले होते. पुढचं पत्र कुणाच्या दारात जाणार, हे आता तिला पुस्तक न उघडता कळत होतं. भारत मे महिन्यात निवृत्त होणार होता.

ती मोनालीचे हात धरून रडली, मेरे को मालूम नहीं था बेटा, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मोनालीनं हात सोडवून घेतले नाहीत, पण धीराचा शब्दही काढला नाही. मग ती हळू आवाजात बोलली.

"बाबांना मी काई सांगत न्हाई. तुम्ही पास व्हा, मंग तुम्हीच येऊन सांगा. नापास झालात तर कंपनीत तुम्हाला कोण इचारणारंय? आमचं तरी तिथं दुसरं कोण हाय?"

पुढचे वीस दिवस त्या पोरीनं आपाला बसू दिलं नाही की उठू दिलं नाही. तुम्ही काय करता ते नका सांगू, पुस्तक काय म्हणतं ते सांगा, हे ती इतक्यांदा म्हणाली की आपा भाकरी थापतानाही तेच पुटपुटायची. शिकवण्यातलं हसू मात्र गेलं होतं. मुनीरला आपानं सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की तू जाणूनबुजून केलं नाहीस. तिला त्या वाक्यानं काडीचाही आधार वाटला नाही. जुन्या वह्या काढून तिनं जामीनदारांची नावं एका कागदावर उतरवली. जामीनदार प्रत्येक फायलीला लागत नसे, तरी अडतीस नावं निघाली. त्यांतल्या कित्येकांच्या घरी ती ईदचा शीरखुर्मा पाठवत होती.

खरं सांगायचं तर एक घाणेरडा विचारही तिच्या मनात येऊन गेला. नापास व्हावं. कोड गेला की आपला कंपनीशी संबंध संपला, विचारायला आलेल्याला कानावर हात ठेवून सांगता येईल की मी आता तिथली कुणी नाही. गावात असं करून ताठ मानेनं फिरणारे दहा तरी लोक ती ओळखत होती. या विचाराची तिला स्वतःचीच भीती वाटली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती सकाळच्या गाडीनं जालन्याला गेली. मंठा चौफुलीजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये परीक्षा होती. सगळी पोरं तिच्या लेकींच्या वयाची. पंखा गरगरत होता. साठाव्या प्रश्नापर्यंत तिला वाटत होतं की आपण बुडालो, कारण निम्म्या उत्तरांची खात्री नव्हती. एकाहत्तरावा प्रश्न जामीनदाराचा निघाला. शब्द थोडे बदललेले, पण प्रश्न तोच. पहिला पर्याय होता ओळख पटवणे, तिसरा होता कर्जदाराइतकीच जबाबदारी. तिसऱ्यावर बोट ठेवलं की आपण आठ वर्षं अडतीस घरांत जाऊन काय करून आलो, हे आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं होतं. कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. तिनं मनात अल्लाचं नाव घेतलं आणि तिसऱ्या पर्यायावर खूण केली.

त्रेपन्न गुण पडले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत पास आलं, तेव्हा देखरेख करणारी मुलगी अभिनंदन म्हणाली. आपाला आनंद झाला, नाही असं नाही. चूल वाचली होती. पण तो आनंद स्टेशनपर्यंतसुद्धा टिकला नाही.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास ती भारतच्या घरी गेली. पास झाल्याचं मोनालीनं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिच्या आईनं, केशरबाईनं, आल्याबरोबर हातावर साखर ठेवली आणि चहा टाकला. भारत कौतुकानं म्हणाला की या वयात पास होणं खायचं काम नाही. आपानं चहाला हात लावला नाही. रामकिसनच्या फायलीची झेरॉक्स तिनं पिशवीतून काढून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, आपण काय सांगितलं होतं आणि खरं काय आहे. सोमवारी साहेबांना भेटून मुदत मागते, रामकिसनला शोधून आणते, जिथं जावं लागेल तिथं सोबत येते, असंही ती म्हणाली. केशरबाई चुलीपाशी होती तिथंच खाली बसली. मोनाली दारात उभी राहिली.

भारतनं कोनाड्यातला चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. सावकाश, बोट फिरवत, दोन्ही बाजूंनी. त्याला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला.

"सही केली त्या दिवशी चष्मा घरीच राह्यल्ता," तो म्हणाला. "म्हणलं, आपा हायती ना सोबत."

आपाला वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग भारतनं विचारलं की असं आणखी किती जणांना सांगितलंय. तिला खोटं बोलता आलं असतं.

"तुम्हाला सोडून सदतीस, भाऊ."

भारतनं चष्मा काढला. दाराबाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"मंग इथं बसून काय करता," तो म्हणाला. "उठा. दिवस हाय तवर चार-दोन घरं व्हतील."