मढव्यांच्या लाल गाडीची तीस दिवसांची हजेरी

दिपिका राजवाडे आता हसत हसत सांगते, पण त्या सकाळी तिला दरदरून घाम फुटला होता. गोदूबाई अपार्टमेंटमध्ये राहायला येऊन जेमतेम आठवडा झालेला. कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली उतरली, तर पार्किंगमध्ये नाक धरावं असा वास. बघते तर कोपऱ्यात एक ठेंगणी लाल गाडी, दोनच सीटची, कापडी टपाची, आणि तिच्याखालून बाहेर आलेले माणसाचे दोन पाय. पाय हलत नव्हते. भोवती सात मांजरं मयताला बसल्यासारखी गप्प बसलेली. दिपिकाच्या डोक्यात हिशेब झाला: माणूस गेलाय, आणि आजचा गेलेला नाही. ती तशीच धावत गेटवर गेली आणि वॉचमन रामूला दंडाला धरून घेऊन आली.

रामूने पायांकडे बघितलं, जांभई दिली. "ते रोजचंच आहे, मॅडम."

तेवढ्यात मयत सरपटत बाहेर आलं. साठीचं, बनियनवरचं, कोपरापर्यंत तेलाने माखलेलं. "काय गो बाय, कोन मेला?"

"हा वास कसला?"

"मुशीचा तेल हाय. काळजाचा. गाडीला खालून लावतंय."

"गाडीला? माशाचं तेल?"

"होडीला चालतं ना? मंग? खाडीचा वारा लाकूड खातं, लोखंड सोडंल काय? आन् ही तं विलायतेची. तिला आपल्या वाऱ्याची सवं नाय."

एवढं बोलून पाय पुन्हा गाडीखाली गेले. ओळख झाली ती अशी.

हे धर्मराज मढवी. ज्या जागेवर ही बिल्डिंग उभी आहे तिथे एके काळी त्यांची भाताची खाचरं होती, पलीकडे खाडीला लागून मिठागर. बिल्डिंगला नाव त्यांच्या आईचं, आणि ते ही गोष्ट भांडणात दर तिसऱ्या वाक्याला काढायचे. मिठागरात वाढलेल्या माणसाला गंज काय असतो ते शाळेत शिकवावं लागत नाही. फावड्याचं पातं एका हंगामात पापडासारखं मोडताना त्यांनी लहानपणीच बघितलेलं. गाडी त्यांना मिळाली पळस्प्याला. एका गॅरेजात ती अकरा वर्षं पडून होती. मालक दुरुस्तीला टाकून परदेशी गेला तो गेलाच. धर्मराज तेव्हा तिशीतले, मिठागर नुकतं गेलेलं, रोज तिथे जाऊन गाडीकडे बघत बसायचे. शेवटी गॅरेजवाल्याने कंटाळून परदेशातल्या मालकाकडून कागद त्यांच्या नावावर करून आणले. माणसं पोरगी बघायलासुद्धा एवढ्या खेपा घालत नाहीत.

आणि ती नुसती पुसून ठेवायची गाडी नव्हती हो. धर्मराज जासईला कंटेनर यार्डाच्या वजनकाट्यावर कामाला, आणि रोज जायचे ते याच गाडीने. दोन्ही बाजूंना ट्रेलर, त्यांची चाकंच गाडीच्या टपापेक्षा उंच. ड्रायव्हरांना खाली काही आहे हे दिसावं म्हणून मागे बांबूची काठी बांधून तिला लाल फडका लावलेला, मासेमारीच्या होडीला बावटा असतो तसा. चाकांना सायकलसारख्या तारा. त्या सैल झाल्या की गाडीचं चाक खांद्यावर घेऊन हे पनवेलच्या बाजारात सायकलवाल्याकडे जायचे. इंजिनाला कार्ब्युरेटर दोन, म्हणजे पेट्रोल आणि हवेची दोन नाकं. दोन्हींनी सारखा श्वास घेतला नाही तर गाडी अडखळते. त्यासाठी घरातल्या गॅसच्या जुन्या नळीचा तुकडा, एक टोक कानाला, दुसरं त्या नाकांशी आळीपाळीने, आणि डोळे मिटलेले. बायको चंद्रावती म्हणायची, "मना ताप आला तवा हात लावून बगितला नाय, तिची छाती मातर रोज तपासतंय."

दिपिकाचं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. वर्षाच्या आत ती सोसायटीची सेक्रेटरी झाली आणि पहिली नोटीस निघाली ती मढव्यांना. विषय: दुर्गंधी. दुसऱ्या दिवशी नोटीस तिच्याच पत्रपेटीत परत. मधोमध काळ्या ऑइलचा डाग, डागाला पेनने गोल, आणि खाली लिहिलेलं: पोचली. नोटीस त्यांनी रात्रभर इंजिनाखाली ठेवली होती.

दुसरी नोटीस: ऑइलची गळती. तीही डाग पडून परत.

मग जिन्यातली तोंडातोंडी सुरू झाली. ती म्हणाली, सगळी बिल्डिंग बंदरासारखी घाण मारते. ते म्हणाले, बंदराच्या कडेला येऊन राह्यलीस कशाला, कोनी आवताण दिलता? ती म्हणाली, गाडी नाही, भंगार आहे. यावर रामूने आपली खुर्ची दोन पावलं मागे घेतली.

"भंगार जासईला तोलतंय मी रोज," धर्मराज म्हणाले. "मना इचार भंगार काय असतं."

त्या रविवारी पार्किंगमध्येच भरलेल्या सभेत दिपिकाने ठराव आणला. छपराखालचं पार्किंग फक्त रोजच्या वापरातल्या गाड्यांना. हौसेचे शोपीस मागच्या उघड्या अंगणात. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. आणि लोकांनी हात वर केले. मांजरांना कंटाळलेले होतेच.

धर्मराजांना अंगणात जाण्याचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळत होता. कापडी टप, पन्नास वर्षांचा पत्रा, वर उघडं आभाळ, समोर खाडी. दोन पावसाळ्यांत खालून रस्ता दिसला असता. दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती, असलेली सगळी याच बिल्डिंगीखाली गेली होती.

"रोज वापरात हाय," ते उठून म्हणाले.

"सिद्ध करा. तीस दिवस रामूच्या वहीत नोंद. गाडी गेटाबाहेर किती वाजता गेली, आत किती वाजता आली. तिसाव्या दिवशी सभेत वही उघडू. एक दिवस चुकला तर अंगण."

"तीस कशाला, साठ कर."

"तीसच पुरे होतील, मढवी," दिपिका म्हणाली. तिला वाटत होतं, एवढी जुनी गाडी सलग दहासुद्धा काढणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सात वाजता चहाचा कप घेऊन गॅलरीत. नवऱ्याला वाटलं योगा करते. खाली गाडी सुरू झाली की तिचा चहा कडू व्हायचा. नवव्या दिवशी गाडी सुरूच होईना, तेव्हा ती कप घेऊनच खाली आली, सहानुभूतीचा चेहरा करून.

धर्मराज गाडीपाशी कान लावून उभे. चावी फिरवली की मागच्या बाजूने पेट्रोलच्या पंपाची टिकटिक यायला हवी, ती येत नव्हती. त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "चंद्रे, लाटना टाक."

"भाकऱ्या होऊ देत," वरून उत्तर आलं.

"भाकरी लाटन्यानं करतेस काय? टाक."

लाटणं खाली आलं, फडक्यात गुंडाळलेलं. धर्मराजांनी पंपाला दोन हलके टोले दिले, झोपलेल्याला उठवावं तसे. टिक. टिकटिक. गाडी सुरू झाली, धुराचा एक लोट दिपिकाच्या चहावरून गेला.

"हे काय मेंटेनन्स झालं?" ती म्हणाली.

"तुजी बिगडली का लॅपटॉप लावतात. माजीला लाटना लागतं. चल, बाजू हो."

सतराव्या दिवशी चाकाची तार तुटली, बाविसाव्या दिवशी मुसळधार पावसात टप गळला आणि धर्मराज एका हातात छत्री धरून जासईला गेले. चुकला एकही दिवस नाही. दिपिकाने वही रोज तपासली, अक्षरसुद्धा तपासलं. एकोणतिसावा दिवस मात्र तिने कॅलेंडरवर मोजला नव्हता. तो निघाला खंडेनवमीचा.

सकाळी गॅलरीतून खाली बघितलं आणि तिचा चहा एकदम गोड झाला. लाल गाडीला झेंडूचा भलामोठा हार, चाकांपाशी नारळ. पूजेला बसलेलं अवजार त्या दिवशी कुणी वापरत नाही. मढव्यांच्या घरी तर पान्यांपासून त्या गॅसच्या नळीपर्यंत सगळं हळद-कुंकू लावून देवापुढे मांडलेलं, आणि गाडीची चावी त्याच पाटावर. वजनकाट्यालाही हार घालून सुट्टी.

दिपिका तयार झाली, दसऱ्याची फुलं आणायला गाडी काढली; तिच्याकडे गाडीची पूजा दसऱ्याला असायची. म्हटलं, जाता जाता वहीतल्या रिकाम्या ओळीवर सही करून जावी. गेटाशी आली आणि तिने ब्रेक दाबला.

लाल गाडी गेटात अडकलेली. पुढची चाकं आत, मागची रस्त्यावर. गेटापासून रस्त्याकडे उतार आहे, त्यावरून वहीतल्या नोंदीपुरती ती हारासकट घरंगळत बाहेर सोडली होती. परत चढवताना धर्मराज दाराशी खांदा लावून स्टिअरिंग धरलेले, रामू मागून ढकलत लालबुंद. गाडी तसूभर हलत नव्हती. चंद्रावती पूजेचं ताट घेऊन पहाऱ्याला उभी. "चावी देवापुढं हाय. कोनी नाव काडू नका."

दिपिकाने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"हॉर्नानं चढत नाय ती," धर्मराज म्हणाले. "मागं जाऊन खांदा लाव."

"मी का लावू?"

"तुला भायेर जायचाय, मना आत. मधी ही हाय. हार सुकेपरेंत थांबतेस तं थांब."

बाजारातली चांगली फुलं नऊपर्यंतच मिळतात. दिपिका उतरली, ओढणी कमरेला बांधली, आणि दात-ओठ खाऊन तिने त्या गाडीला खांदा लावला. तिघांच्या जोराने गाडी चढली आणि गुमान कोपऱ्यात जाऊन बसली.

रामूने वही उघडली. बाहेर आठ दहा, आत आठ पस्तीस.

"खोड ते," दिपिका म्हणाली. "इंजिन सुरू नव्हतं. गाडी आज वापरलेली नाही."

धर्मराज पंच्याने मान पुसत होते. "तुज्या घरी आज देवापुढं काय मांडलास?"

"पुस्तकं. माझा लॅपटॉप. त्याचा काय संबंध?"

"उगाडला आज?"

"आज कसा उघडणार? नवमी आहे."

"मंग त्यो वापरात नाय. शोपीस."

"काहीतरी काय, रोज दहा तास मी त्यावर…"

चंद्रावतीने ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि तोंड फिरवलं.

दिपिकाने वही ओढून घेतली, सही केली, पण हार मानायची सवय नाही ना. शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं: ढकलून आणली.

धर्मराजांनी मान वाकडी करून ते सावकाश वाचलं. "लिव लिव. कोनी ढकलली, ता पन लिव. उद्याचे सभेत मी वाचतंय."

दिपिकाने घड्याळ बघितलं. बाजारातली फुलं संपत चालली असणार. मग तिने ते दोन शब्द खोडले, इतके की कागद फाटला, आणि वही रामूच्या अंगावर टाकून गाडीत बसली.