गाळलेली चार पानं

‘उभा करा त्याला!’ असं म्हणत सर टेबलावर थाप मारायचे आणि स्वतःची खुर्ची फळ्याजवळ नेऊन ठेवायचे. ती रिकामी खुर्ची म्हणजे आरोपीचा पिंजरा. आज तिथं कोण उभं राहणार ते धड्यावर ठरायचं. कधी कादंबरीतला नवरा, कधी सासरा, कधी खुद्द नायिका. पोरांनी प्रश्न विचारायचे आणि सरांनी त्या पात्राच्या वतीनं उत्तरं द्यायची, पण पुस्तकात असेल तेवढंच. कोणी म्हणालं, ‘सर, तिला वाईट वाटलं असेल,’ की लगेच दुसरी थाप. ‘असेल-बिसेल चालणार नाही. पान दाखव.’

धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते जुलैपर्यंत देवालाच ठाऊक. मी त्याच विभागात, पण कायम नोकरीत. असा माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. केस पांढरे होईपर्यंत शिकवतो आणि तरी पाहुणाच राहतो. त्याच्याकडे एकदा नीट बघा, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

राग तर त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि कागदावरच्या माणसांवरही तो तितकाच खरा निघायचा. एकदा स्टाफरूममध्ये तावातावानं बोलत होते. ‘बायकोचे दागिने मोडून हा दुसरं लग्न करतो, आणि वर आईला म्हणतो, हिला जरा समजाव! समोर आला ना, तर चौकात उभा करीन त्याला!’ आमचा शिपाई चहा घेऊन आला होता. त्यानं कप ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘जाऊ द्या ना सर. घरना मानूस शे. इतला राग बरा नही.’ त्याला वाटलं, सरांच्या मेव्हण्याचंच काहीतरी बिनसलंय. आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘घरचाच आहे रे. म्हणून तर राग येतो.’

दागिने मोडणारा हा नवरा ज्या कादंबरीतला, ती आमच्या अभ्यासक्रमाला होती. जुनी, गाजलेली, आणि आम्हाला नेमलेली तिची संक्षिप्त आवृत्ती. नाव मुद्दाम सांगत नाही. सासूच्या छळानं करपून गेलेली एक सून. शेवटी सासू अंथरुणाला खिळते, हात जोडून माफी मागते, आणि सून तिच्या ओठांना पाण्याचं भांडं लावते. इथं पुस्तक संपतं. मग सगळी गाईडं एका सुरात सांगतात, नायिका सोशिक आणि क्षमाशील.

सरांना गावातल्या जुन्या वाचनालयात तिची मूळ प्रत सापडली. तिच्यात पाणी पाजल्यानंतर आणखी चार पानं होती. सून भांडं खाली ठेवते, सासूचं तोंड पुसते आणि म्हणते, ‘तुमचं सगळं करीन. शेवटपर्यंत करीन. पण माफ केलं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल.’ आणि मग चार पानं ती एकटीच बोलते. अख्ख्या कादंबरीत ती बाई एकदाच तोंड उघडते, आणि संक्षेप करणाऱ्या शहाण्यानं नेमकं तेच गाळलं. आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं.

ती पानं सरांनी वर्गात वाचून दाखवली. खिडकीजवळच्या बाकावर साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून येणारी मुलगी बसायची, वर्षभर एक शब्द न बोललेली. ती एकदम म्हणाली, ‘सर, मंग तिनी माफ करंच नही!’

‘नाही केलं. आणि हे बघ, पान आहे,’ सर म्हणाले. त्या दिवशी मला त्यांनी स्वतःच्या खर्चानं भजी खाऊ घातली.

मे महिन्यात आम्हा दोघांना जळगावला पेपर तपासणी लागली. बाहेर आग ओकणारं ऊन, आत घरघरणारे कूलर आणि समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आदर्श उत्तर छापून आलेलं होतं आणि त्यातला पहिलाच मुद्दा ‘क्षमाशीलता’. दुपारी शेजारच्या टेबलावरचे एक परीक्षक मोठ्यानं हसले. ‘ऐका, ऐका. “तिने सासूला पाणी पाजले, पण माफ केले नाही. सेवा करणे वेगळे आणि माफ करणे वेगळे.” घ्या! नायिकेला पार कजाग करून टाकलं!’ त्यांनी त्या प्रश्नाला शून्य दिलं आणि बेरीज मारली. पेपर नापास होत होता, आणि तो त्या शून्यामुळेच.

सर उठून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ‘ते शून्य खोडा. हे मूळ पुस्तकात आहे.’

तपासणीवर देखरेख करणारे मॉडरेटर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘सर, नेमलेलं पुस्तक संक्षिप्त आहे. त्यात नाही, म्हणजे नाही.’

‘पोरनी जास्त वाचं, हाऊ तिना गुन्हा शे का?’ फार चिडले की सर अहिराणीत उतरायचे.

‘तुमच्याच वर्गातली दिसते. त्याशिवाय एवढा पुळका यायचा नाही.’

‘असेल माझ्या वर्गातली! म्हणून काय पुस्तक बदलतं?’

मीही उठून बोलले. ‘मॅडम, आपण बसा,’ एवढंच उत्तर मिळालं. हॉलमध्ये सगळे मराठीचे प्राध्यापक. मूळ कादंबरी वाचलेला दुसरा एकही निघाला नाही, आणि त्याची लाजही कोणाला वाटली नाही.

संध्याकाळच्या एसटीनं सर धुळ्याला गेले आणि सकाळी पुस्तक घेऊन हजर झाले. तोवर गठ्ठा सील होऊन पुढे गेला होता. सील फोडता येत नाही, असं सांगण्यात आलं. तेव्हा सरांनी हॉलच्या दारातच उभं राहून ती चार पानं मोठ्यानं वाचायला घेतली. सुरुवातीला काहीजण फिदीफिदी हसले. मग पेनं थांबली. वाचन संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या.

‘झालं?’ मॉडरेटर म्हणाले. ‘आता पेपर उचला, आज संपवायचे आहेत.’

सगळ्यांनी पेपर उचलले. डोळे पुसणाऱ्या मॅडमनीही उचलला आणि क्षमाशीलतेवर लाल टिक केली. हसणाऱ्यांचा मला आला नाही, इतका राग त्या बाईंचा आला.

निकाल लागला. खिडकीजवळची ती मुलगी फक्त मराठीत नापास. सर मला घेऊन तिच्या घरी गेले. पुन्हा तपासणीचा अर्ज करू, मी भांडतो, असं तिच्या वडिलांना परोपरीनं सांगत राहिले. वडिलांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. आता तिला पुढे शिकवायचं नाही, असं घरात ठरलं होतं. सर फारच मागे लागले तेव्हा वडील आवाज न चढवता म्हणाले, ‘सर, तुम्हीच शिकाडं ना तिले?’

सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, ‘गाईडातलं लिहिलं असतं तर पास झाली असती हो.’ त्या वाक्यात राग नव्हता. त्यांना रागाशिवाय मी तेवढंच एकदा पाहिलं, आणि ते मला बघवलं नाही.

जुलैत वेळापत्रक लागलं तर त्यांचं नाव नाही. जळगावहून बेशिस्तीची तक्रार आली होती, हे शिपायालाही ठाऊक होतं. प्राचार्य मात्र मला म्हणाले, ‘वर्कलोड बसत नाही, मॅडम.’ मी बरंच तोडून बोलले, आणि ते टेबलावरचे कागद नीट लावत बसले. तासिकेवरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. शाल नाही, श्रीफळ नाही, दोन शब्द नाहीत. मी फोन केला तर सर म्हणाले, ‘बरं चाललंय, मॅडम,’ आणि विषय बदलला.

त्यांचे तास माझ्याकडे आले. मी हट्टानं मूळ प्रत घेऊन वर्गावर गेले आणि ती चार पानं वाचली. एक मुलगी उभी राहिली.

‘मॅडम, परीक्षेत हे लिहायचं का?’

‘लिही.’

‘आणि मार्क नाही दिले तर?’

‘तर मी भांडेन,’ मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

‘सर पण भांडले होते, मॅडम,’ ती म्हणाली, आणि खाली बसून तिनं गाईड उघडलं.