भेटू, आई

गुरुवारी जर्मनीत अरामला त्याच्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर कोणीतरी गोळी घालून मारलं. शुक्रवारी सकाळी त्याचा भाऊ लेव्हॉन सांता क्लाराच्या ऑफिसात माझ्या क्युबिकलपाशी उभा होता.

"सुट्टी नंतर घेईन. आधी ही साइट काढ," तो म्हणाला.

मी वेब होस्टिंग कंपनीत अब्यूज डेस्कवर होते. लोक आमच्या सर्व्हरवर साइट्स ठेवतात. एखादीबद्दल तक्रार आली की तपासायची, हे माझं काम. लेव्हॉन नेटवर्क टीममध्ये. कुटुंब मूळचं इस्तंबूलचं, आर्मेनियन. अराम एकदा इथे आला होता, तेव्हा गप्पा सोडून माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसला. पुढे तिकडून पुस्तकं पाठवायचा.

साइटवर अरामचा फोटो होता. शेजारी लांडगा आणि वर केलेला एक हात. खाली तुर्कीत एक वाक्य, त्याखाली त्यांच्या आईंचा फ्रेझ्नोचा पत्ता. हाताची तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन अंगठ्याला टेकलेली. माझ्या मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासमध्ये याला सिंहमुख म्हणतात. लेव्हॉन म्हणाला, हे लांडग्याचं तोंड आहे. आर्मेनियन लोकांचा द्वेष करणाऱ्या कट्टर तुर्की राष्ट्रवाद्यांची खूण. साइट चालवणारं 'सांस्कृतिक मंडळ' जर्मनीत, तिचे पैसे भरणारा न्यू जर्सीत, सर्व्हर आमचा.

आमचा मॅनेजर ग्रेग वाईट माणूस नव्हता. त्याने वाक्याचं भाषांतर मागवलं. आलं ते असं: 'भेटू, आई.' ग्रेगच्या मते यात थेट धमकी नव्हती, आणि पॉलिसीत थेट धमकी लागते. पत्ता फोनबुकातही मिळतो. तशी बोटं तर त्याचा मुलगा रॉक कॉन्सर्टला करतो.

मी म्हणाले, "आमच्याकडे 'बघून घेऊ' म्हणतात. त्यात शब्द फक्त बघण्याचा आहे. पण ते ऐकल्यावर माणूस घरी जायचा रस्ता बदलतो."

"तुला तुर्की येतं?"

"नाही. पण खरंच भेटायला जाणारा पत्ता खिशात ठेवतो. सगळ्यांना वाटत फिरत नाही."

ग्रेगने पान पुन्हा वाचलं. मग लेव्हॉनला विचारलं, "आई आत्ता कुठे आहे?"

"घरी. लोक फुलं घेऊन येतायत. बेल वाजली की ती दार उघडते."

ग्रेगने माझा कीबोर्ड ओढला आणि अकाउंट सस्पेंड केलं. लेव्हॉन गाडी घेऊन फ्रेझ्नोला निघाला. आई त्याला घरी सुखरूप भेटल्या.

संध्याकाळपर्यंत तेच पान दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर उघडत होतं. मी त्या कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: थेट धमकी आढळली नाही. साइट बंद करता येते, पत्ता परत घेता येत नाही, एवढं त्या नोकरीत शिकले.

आई आता लेव्हॉनकडे असतात. फ्रेझ्नोचं घर त्यांनी विकलेलं नाही. घेणाऱ्याला काय सांगायचं, ते ठरत नाही. घर बंद आहे.