आत्याचा चीक मशीनवर

दुधात अँटिबायोटिक उरलंय का, हे मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासणं ही पनवेलमधली माझी नोकरी. घरात तिचा दरारा शून्य. "उतू गेलेलं दूध दिसत नाही, म्हणे त्यातलं औषध दिसतं," इति बायको.

गेल्या वर्षी जवळच्या नेरे गावातल्या आत्याची म्हैस व्याली. आत्याचे गुडघे थकलेत. या वेतानंतर म्हैस विकायची, हे तिनं आधीच सांगितलेलं. म्हणजे तिच्या हातचा हा शेवटचा खरवस. दुकानातले पांढरे ठोकळे खात मी पन्नाशी गाठली, पण जीभ अजून नेऱ्यातच बसलेली, गूळ-वेलचीच्या त्या थरथरत्या वडीपाशी.

नेमका व्याल्यावर पडायचा म्हशीचा जार आतच अडकला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. औषधाचं दूध कुणाला देऊ नये, हे आत्याला मीच पढवलेलं. त्यामुळे चिकाची बरणी घेऊन ती रिक्षानं थेट लॅबच्या दारात.

"मशीनला इचार, खरवस लावू का?"

"आत्या, त्यात औषध असणारच."

"तू बगितलास? नाय ना? मंग इचार."

मला तरी दुसरं काय हवं होतं! चीक भलता दाट. त्यातली प्रथिनं खाली बसवून, वरचं पाणी गाळून मशीनला लावलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सर, काही नाही निघालं तर एक वडी माझी." पडद्यावर रेषा सपाट सरकत होती. मग औषधाच्या जागी टोक उभं राहिलं, चांगलं उंच. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. घरच्यांसारखी मशीनही माझं ऐकत नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या आत्यानं माझा चेहरा पाहिला.

"तोंड नाय त्या मशीनला, तरी आपल्या तोंडातला घास काडते," म्हणाली, आणि बरणी स्वतःच्या हातानं मोरीत उपडी केली.

त्यानंतर रोज सकाळी मी नेऱ्याला जाऊन दुधाचा नमुना आणू लागलो. काळजी म्हणून, असं सगळ्यांना सांगायचो. टोक रोज थोडं खचायचं. एकदाची रेषा सपाट झाली तेव्हा मी लॅबमधूनच फोन लावला.

"आत्या, साफ!"

"बरा झाला. आता दूध घालीन लोकांना." मग म्हणाली, "खरवस नाय व्हायचा रं पोरा. चीक कवाच सरला. चाय प्यायला ये."

गेलो. चहात तिनं दूध जरा जास्तच घातलं. कप हातात धरून मी गोठ्याकडे बघत राहिलो, म्हैस निवांत रवंथ करत होती.

"नको बगू असा तिच्याकडं," आत्या म्हणाली. "दिष्ट लागंल. उद्या तिला इकत घ्यायला गिराईक येनार हाय."